साळिंदरमावशीचा भुलभुलैया

रानातल्या प्राण्यांना खेळायला सवड होती, तेव्हाची गोष्ट. रंगा मुंगूस नवा खेळ आधी खेळायचा, आणि तो चांगला म्हणाला तरच बाकीचे खेळायचे. पूर्वी तो एकेका खेळात चार-चार दिवस रमायचा. आता मात्र सगळ्यांना निकाल दुपारपर्यंत हवा असायचा.

साळिंदरमावशीने तीन वर्षं खपून भुलभुलैयाचं बीळ खणलं. दोन वळणांवरूनच परतून रंगा म्हणाला, “कंटाळवाणं आहे.” मग तिकडे कोणी फिरकलं नाही. मावशी बीळ बुजवू लागली.

“शेवटच्या वळणावर काय होतं रे?” तिने वाटेने चाललेल्या रंगाला विचारलं.

“तिथवर गेलोच नाही, मावशी.”

“दोन वळणांत दमलास होय?”

रंगा ओशाळून पुन्हा आत शिरला.

दुसऱ्या दिवशी सगळे बिळाशी जमले. “कसं आहे?” सशाने विचारलं.

“थांबा, अजून खेळतोय,” आतून आवाज आला. लहानपणी आई जेवायला बोलवायची, तेव्हाही तो असंच सांगायचा.