गेनू मास्तरानं ठेवला मान

एका गावात एक भोळा चित्रकलेचा मास्तर होता. गेनू त्याचं नाव. हात सोन्याचा, पण डोकं घरी खुंटीला टांगलेलं. नोकरी कच्ची. होणारा सासरा म्हणायचा, "कायम व्हा, मग पोरगी न्या." म्हणून मास्तर हेडसरांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

एकदा नववीला फळांचं चित्र होतं. मास्तरानं टेबलावर केळी मांडली. म्हणाला, "जे दिसतंय तेच काढा." आणि गेला रंगाला पाणी आणायला. येऊन बघतो तर नुसत्या साली! पोरांनी सालीच काढल्या. झकास काढल्या.

हेडसर कावले. "अहो, चित्रासाठी समोर ठेवलेलं बांधून ठेवावं!"

"बरं, सर."

पुढच्या तासाला बसलेला माणूस काढायचा होता. धोंडबा शिपाई बसला स्टुलावर. मास्तरानं त्याला सुतळीनं करकचून बांधला.

धोंडबा बोंबलतोय, "मास्तर, सोडा! घंटा द्यायचीय!"

"हलू नका हो, पोरांचं नाक काढायचं चाललंय."

शाळा काही सुटेना. गणिताचे मास्तर तेवढे खूश. आणखी एक धडा उरकला त्यांनी.

हेडसर धावत आले. "अहो, माणूस आहे तो! माणसाचा मान ठेवावा!"

"कसा ठेवतात, सर?"

हेडसरांनी ऑफिसातल्या भिंतीकडं बोट केलं. तिथं शाळा काढणाऱ्या अण्णांचा फोटो, त्यांना वारून वर्षं झालेली. "बघा, आम्ही कसा ठेवलाय!"

मास्तरानं नीट बघून घेतलं. चौकट, हार, उदबत्ती.

मग तपासणीचे साहेब यायचे ठरले. हेडसर म्हणाले, "हा फोटो घ्या, पोरांकडून साहेबांचं चित्र काढून घ्या. साहेब खूश, तर तुम्ही कायम. आणि मान ठेवा बरं!"

चित्र काय उतरलं म्हणता! हुबेहूब. साहेब हसत वर्गात शिरले. समोर स्वतःच चौकटीत. गळ्यात झेंडूचा हार, पुढं उदबत्ती. पोरं माना खाली घालून उभी. एका पोरीला तर रडूच फुटलेलं.

साहेबांनी हाराकडं बोट केलं. "मी मेलो काय रे?"

"नाही साहेब, मान ठेवलाय."

साहेब कडाडले, "मी जिवंत असेपर्यंत तू कायम होत नाहीस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या दारात गेनू मास्तर हजर. हात जोडून म्हणतो, "साहेब, अंदाजे किती दिवस धरू? सासरेबुवा लग्नाची तारीख विचारतायत."