सदोबाची बगांची वही

एका गावात सदोबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. सांगितलेलं काम तो सांगितलं तस्संच करायचा, आणि नुकसान व्हायचं ते त्यामुळेच.

त्या गावच्या कुमुदताईंनी चार हौशी माणसं जमवून कॉम्प्युटरची एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवायला घेतली होती. फुकट, शिवाय कुणीही उघडून दुरुस्त करावी अशी. अजून कच्चीच होती. गावोगावचे लोक ती वापरून बघत आणि ऑफिसात फोन करून तिच्यातल्या चुका सांगत. त्या चुकांना मंडळी बग म्हणत, आणि सदोबा ते वहीत लिहून ठेवी. रविवारी ही सिस्टीम वाचनालयात बसायची होती. तिथल्या कॉम्प्युटरवर ग्रंथपाल दामूअण्णांनी नऊ वर्षं खपून टाईप केलेली सगळ्या पुस्तकांची यादी होती. ताईंनी एकदा तरी शाब्बास म्हणावं, एवढीच सदोबाची आस.

"बग तीनदा घडवून बघायचा," ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. "तीनदा घडला तरच खरा."

दुपारी ताईंचा चहा सांडून कीबोर्ड बंद पडला. सदोबानं आणखी दोन कप मागवले आणि उरलेल्या दोन कीबोर्डांवर ओतले.

"खरा आहे, ताई."

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, आधी वही बघावी. जुनाच बग असला तर 'माहीत आहे' लिहावं आणि आपल्या कामाला लागावं."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमधून धूर निघाला. सदोबानं वही बघितली. 'मशीन फार तापतं' अशी नोंद होतीच. त्यानं शेजारी 'माहीत आहे' लिहिलं आणि जेवणाचा डबा उघडला. खिडकीचा पडदा पेटला तेव्हा तो ताक पीत होता.

"धोक्याच्या वेळी वही कसली बघतोस?" ताई म्हणाल्या. "धोका जिथून येतोय ते आधी बंद करावं."

शुक्रवारी फोन वाजला. "तुमच्या सिस्टीमनं माझ्या सगळ्या फायली पुसल्या. पेनड्राईव्ह लावला, तर तोही पुसला." मग दुसरा फोन, मग दहावा. सगळ्यांचं रडगाणं तेच. धोका आहे हे सदोबाला कळलं, एवढा काही तो मूर्ख नव्हता. धोका फोनमधून येत होता. त्यानं फोनची वायर उपटली.

शनिवारी दिवसभर एकही तक्रार आली नाही.

"एकसुद्धा बग नाही? शाब्बास, सदोबा," ताई म्हणाल्या. सदोबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी वाचनालयात नारळ फुटला, भाषणं झाली, सिस्टीम बसली आणि पुस्तकांची यादी पुसली गेली. ताई पांढऱ्याफटक पडल्या. दामूअण्णा मात्र जुने सावध गृहस्थ. "घाबरू नका," ते म्हणाले, "दोन पेनड्राईव्हवर दोन प्रती आहेत." त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवले. फायली पुसल्याची तक्रार कुणीच कशी केली नाही हे बघायला ताई ऑफिसात गेल्या. अण्णाही त्यांच्या मागोमाग गेले. सदोबा वाचनालयातच थांबला.

दोघं परतले तेव्हा सदोबा घाम पुसत बसला होता.

"फोनची वायर कुणी उपटली?" ताईंनी विचारलं.

"ते राहू द्या, ताई," सदोबा म्हणाला. "बग खरा आहे. अण्णांचे दोन्ही पेनड्राईव्ह लावून बघितले. तीनदा घडला."