दयाळू शेजारीण आणि दारातला निवडुंग

फार पूर्वीची गोष्ट. डोंगराच्या इतक्या वर एक गाव होते, की उन्हाळासुद्धा तिथे पाहुण्यासारखा यायचा आणि पाणी पिऊन निघून जायचा. बाकी वर्षभर थंडी.

त्या गावात एक म्हातारी राहायची. तिचा नवरा भिवा मेंढपाळ होता. एका हिवाळ्यात तो खिंडीत अडकलेल्या मेंढ्या आणायला गेला. मेंढ्या परत आल्या. भिवा आला नाही, आणि त्याचे प्रेतही सापडले नाही.

अशा माणसासाठी गावात एक रीत होती. त्याने स्वतःच्या हाताने लावलेल्या झाडाचे फूल उन्हाळी जत्रेत देवळाच्या पायरीवर ठेवायचे आणि त्याचे नाव मोठ्याने पुकारायचे. फूल नाही, तर नाव नाही. हा नियम कोणी केला हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे तो बदलावा म्हणून अर्ज तरी कोणाकडे करणार?

भिवाने लावलेले एकच झाड उरले होते, दारातला निवडुंग. तो उघड्यावर, खडीत, बारा महिने असायचा. हिवाळा आला की अंगातले पाणी टाकून द्यायचा, सुरकुतायचा, जांभळा पडून जमिनीला चिकटायचा. पाहणाऱ्याला वाटे, गेला. पण उन्हाळ्यात त्याची जाड चपटी पाने पुन्हा उभी राहत आणि त्यांवर रेशमासारखी पिवळीधमक फुले उमलत. म्हातारी पायरीवर फूल ठेवून "भिवा मेंढपाळ!" अशी हाक देई, आणि सारे गाव "आहे!" म्हणे. तेवढ्यावर तिचे वर्ष निघे.

एकदा थंडीच्या तोंडाशी तिला लेकीच्या बाळंतपणासाठी खाली दरीत जावे लागले. परत यायला उन्हाळा उजाडणार होता. तिने शेजारणीला बोलावले. शेजारीण दयाळू म्हणून प्रसिद्ध होती. तिच्या दयेची गावाला बारीकसारीक माहिती असे, कारण ती माहिती तीच देत असे.

"पोरी, निवडुंगावर लक्ष ठेव."

"ठेवीन हो आजी. काय काय करायचं?"

"काही करायचं नाही."

"म्हणजे पाणी, पांघरूण..."

"काही म्हणजे काहीच नाही. वाळेल, लोळेल, मेल्यासारखा दिसेल. तू हात लावू नकोस. पाणी प्याला तर गारठ्यात फुटून मरेल. जमेल ना?"

"एवढंच ना!" शेजारीण हसली.

हिवाळा आला आणि निवडुंग आडवा झाला. शेजारणीने हात आवरला. पण देवळाची वाट नेमकी त्याच दारावरून जात होती.

"अगं बाई, पार वाळलं की!" देवळातून येणारी एक मावशी थांबून म्हणाली. "तुझ्यावर सोपवून गेलीय ना म्हातारी?"

"पाणी घालू नको म्हणालीय, मावशी."

"म्हातारी माणसं काहीही सांगतात. आपल्याला डोळे आहेत ना? लोक तुलाच नावं ठेवतील हो."

शेजारणीला निवडुंगाची दया आली नव्हती. तिला स्वतःची आली. तिने पाणी कोमट केले आणि घातले. वर गवत पसरले. पाणी मग रोजच घातले. निवडुंग फुगला, हिरवा झाला.

"तुझ्या हातात जीव आहे बाई!" येणारे जाणारे म्हणू लागले. शेजारीण काही काम नसतानाही दारात उभी राहू लागली.

मग खरा गारठा पडला. पानांत भरलेले पाणी गोठले आणि साली फाटल्या. बर्फ वितळले तेव्हा खडीत काळा, बुळबुळीत चिखल उरला होता. जीव आहे म्हणणारी मंडळी आता नाक धरून पलीकडच्या वाटेने देवळात जाऊ लागली.

म्हातारी परतली. वाकून तिने खडीतला चिखल बोटाने चाचपला.

"कोणी घातलं पाणी?"

"मीच. पण आजी, लोक म्हणत होते..."

म्हातारीने वाटेच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. "कुठे आहेत ते लोक?"

वाटेवर कुत्रेसुद्धा नव्हते.

जत्रा झाली. इतरांची नावे पुकारली गेली. म्हातारी रिकाम्या हातांनी मागे उभी होती. भिवाचे नाव कोणी घेतले नाही.

घरी येऊन तिने खडी उपसली. भिंतीच्या कडेला, जिथे पाणी पोचले नव्हते, तिथे एक गळलेले पान सापडले. सुरकुतलेले, पण जिवंत. तिने ते खडीत रोवले.

"फूल कधी येईल, आजी?" शेजारणीने कुंपणापलीकडून विचारले.

"येईल. मला नाही दिसायचं."

पुढच्याच हिवाळ्यात म्हातारी गेली. पान शेजारणीकडे आले, न सोपवता.

दर हिवाळ्यात ते वाळे, लोळे. वाटेवरून ऐकू येई, "दगड आहे बाई, दगड! मेलेल्या म्हातारीचं एवढंसं रोप, त्याला घोटभर पाणी घालवत नाही हिला!" शेजारीण हात काखेत दाबून उंबऱ्यावर बसून राही.

तिचे केस पांढरे झाले तेव्हा फूल आले. तिने ते देवळाच्या पायरीवर ठेवले आणि हाक दिली, "भिवा मेंढपाळ!"

भिवाला ओळखणारे आता कोणी उरले नव्हते. जमलेले लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

"आहे," शेजारीण स्वतःच म्हणाली, आणि घरी गेली.

तात्पर्य: ज्याचे भले करायचे त्याच्याकडे पाहावे. बघणाऱ्यांकडे पाहत केलेले भले आधी टवटवीत दिसते, मग कुजते, आणि वास यायला लागला की बघणारे वाट बदलतात.