खापरपणजोबांचं नाव

ही मुलाखत एक्कावन्न सालची की बावन्नची, हे मला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. शब्द मात्र 'ओव्हरमॉरो' हाच होता. तो मी कोशात पाहून घेतला आहे.

साताऱ्यातल्या आमच्या शाळेचे मुख्याध्यापक टिपणीस जुन्या इंग्रजीचे दर्दी. वापरातून गेलेले शब्द विचारून उमेदवारांना गप्प करण्यात त्यांना धन्यता वाटे. त्या दिवशी समोर यज्ञेश्वर अग्निहोत्री होता. इंग्रजीच्या शिक्षकाची ही जागा हुकली, तर त्याला गावी परतून वडिलांबरोबर भिक्षुकी करावी लागणार होती.

"ओव्हरमॉरो म्हणजे काय?"

"माहीत नाही, सर."

"येणारा परवा! चारशे वर्षांपूर्वीचा शब्द. भाषेचे पूर्वज ठाऊक नाहीत आणि भाषा शिकवणार, भटजीबुवा?"

त्याच शाळेत शिक्षक असलेला आणि मुलाखतीला टिपणिसांशेजारी बसलेला मी हसलो. त्याची अजून लाज वाटते.

यज्ञेश्वर शांतपणे म्हणाला, "सर, श्राद्धाला आम्ही वडील, आजोबा, पणजोबा एवढीच नावं विचारतो. त्यामागचं विचारलं तर यजमान पाटावरून उठून जाईल. आपल्याला खापरपणजोबांचं नाव आठवतं का?"

टिपणिसांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "सोमवारी रुजू व्हा."

अनेक वर्षांनी मी नाशिकला गेलो, तेव्हा आमचे आणि टिपणिसांचे तीर्थोपाध्याय एकच निघाले. त्यांच्या वंशावळीच्या वहीत टिपणिसांची सही होती. तारीख रविवार, १५ जून १९५२, म्हणजे यज्ञेश्वर रुजू झाला त्याच्या आदल्या दिवसाची. सहीच्या वर खापरपणजोबांचं नाव दोनदा अधोरेखित केलेलं होतं.