लेकुरवाळीची डहाळी

भातशेतं संपतात आणि पळसाची झाडं सुरू होतात, तिथे एक बोडी होती. बोडी म्हणजे छोटंसं तळं. छोटंसं म्हणजे किती? अलीकडच्या काठावर कोणी शिंकलं की पलीकडच्या काठावरचा बगळा दचकायचा, एवढंसं. पण रूप म्हणाल तर काय सांगावं! पहाटे गुलाबी कमळं उमलायची, गोल गोल हिरव्या पानांवर दवाचे टपोरे थेंब घरंगळायचे, निळे-तांबडे चतुर त्यांच्यावरून भिरभिरायचे. म्हणून तिला सगळे कमळबोडी म्हणायचे.

बोडीच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, एका कुडाच्या झोपडीत सायत्रा आणि तिची माय राहायच्या. सायत्राचे बाबा ती अगदी तान्ही असताना देवाघरी गेले होते. माय मासे धरायची जाळी विणायची. तिच्यासारखी बारीक आणि पक्की गाठ साऱ्या गावात कोणाला जमत नसे.

पण त्या पावसाळ्यात मायला ताप आला. सकाळी जायचा आणि दिवे लागले की न बोलावलेल्या पाहुण्यासारखा पुन्हा दारात हजर. मायचे हात इतके गळून गेले की विणायची सुई बोटांतून सुटून पडू लागली. गावचे वैदूबुवा आले. ते मनाने चांगले, पण आवाज असा की शेजारच्या गोठ्यातली गायसुद्धा कान टवकारायची. त्यांनी नाडी पाहिली आणि त्याच आवाजात सांगून टाकलं, की औषध देतो, पण अंगात ताकद यायची तर मरळ माशाचा गरमागरम रस्सा पोटात जायला हवा. नाहीतर हा ताप हिला घेऊनच जाईल.

लहान मुलांसमोर असं बोलू नये. पण वैदूबुवांना सांगणार कोण? सायत्रानं ते सगळं ऐकलं. तिला मायशिवाय कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं आढ्याला खोचलेली बाबांची बांबूची काठी काढली. काठीला दोरा, दोऱ्याला गळ, आणि मध्ये मोरपिसाचा पांढरा देठ बांधलेला. हा देठ पाण्यावर तरंगतो. तो बुडकन खाली गेला, की समजायचं मासा लागला. केळीच्या पानात तिनं गांडुळं बांधून घेतली आणि ती पाळीवर गेली.

बाबांचं शहाणपण मायनं तिला शिकवलं होतं. काठावर मांजरीच्या पावलांनी चालायचं, कारण माशांना पायांचा धक्का कळतो. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. मरळ काही मोकळ्या पाण्यात मिरवत नाही, ती शेवाळाच्या कडेला दबा धरून बसते, तिथेच गळ टाकायचा. आणि गळ कुठे अडकलाच, तर हिसका द्यायचा नाही.

शिवाय एक गोष्ट तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं, ती डहाळीची. कोणाच्या घरी बाळ जन्मलं की दारात कडुनिंबाची डहाळी बांधायची. डहाळी दिसली की येणारा-जाणारा आवाज खाली आणतो, त्या दारात कोणी भांडत नाही, आणि म्हणतात की ताप-खोकलासुद्धा ती पाहून उलट्या पावली परततो. बोडीतही हीच रीत. पावसाळ्यात मरळ आपल्या इवल्या इवल्या पिलांना घेऊन फिरते. ती लेकुरवाळी जिथे दिसेल, त्या कोपऱ्यात गावकरी चिखलात डहाळी रोवतात. पिलं सोबत असली की मरळीला भान राहत नाही. पिलांजवळ काही हललं की ती तोंड उघडून धावते, मग तो बेडूक असो की गळ. तेव्हा तिला धरणं फार सोपं असतं. म्हणूनच तेव्हा तिला धरायचं नाही.

सायत्रानं बोडीभर नजर फिरवली. डहाळी कुठेच दिसली नाही. तिनं कमळांच्या कडेला अलगद गळ सोडला आणि ती वाट पाहत बसली. मोरपिसाचा देठ हलला, डुलला आणि बुडकन खाली गेला.

तिनं काठी उचलली, तर गळ कशात तरी अडकलेला. हिसका द्यायचा नाही, हे तिला आठवलं. परकर खोचून ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि दोऱ्याच्या मागे मागे एका कमळापाशी पोचली. पाहते तर काय, कमळात एक अंगठ्याएवढी परी बसलेली. गुलाबी पाकळीचं लुगडं, चांदीचे चिमुकले पंख, केसांत दवाचे मणी, आणि पदराला सायत्राचा गळ. परीची झोपमोड झाली होती आणि ती चांगलीच फुरंगटली होती.

सायत्रानं बोटं ओली केली आणि गळ हळूहळू, एक तंतूही न तुटता सोडवून घेतला. परीनं पदर उलटसुलट करून पाहिला. कुठे साधं भोकही पडलं नव्हतं. तिचा रुसवा पळाला.

"दुसरं कोणी असतं तर ओढून माझ्या लुगड्याच्या चिंध्या केल्या असत्या," ती म्हणाली. "तुला काय हवं ते माग, बाळ."

"परीबाई, माह्या मायचा ताप जाऊ द्या. मले दुसरं काहीच नोको."

परीचा चेहरा उतरला. ताप काही बोडीत राहत नाही, तिनं समजावलं, आणि बोडीबाहेर तिची सत्ता चालत नाही. पण बोडीतलं काहीही ती देऊ शकत होती. तिनं आपल्या केसांतला एक चमचमता केस काढून सायत्राच्या गळाला बांधला आणि अटी सांगितल्या. मागणी तीन. केस बांधल्यापासून तोंडातून निघेल ते मागणंच धरलं जाईल. मिळालेलं परत पाण्यात सोडलं, तर ते पुन्हा मागता येणार नाही. आणि कमळाच्या पानावरचं दव वाळलं की संपलं.

नेमका तेव्हाच एक डास सायत्राच्या नाकावर बसला.

"या डासायनं तं जीव खाल्ला," सायत्रा पुटपुटली, "जातील तं बरं."

झालं. बोडीवरचे सगळे डास एका ढगात गोळा झाले आणि भुर्रकन पळसाच्या रानाकडे निघून गेले. पानापानांवरचे बेडूक उपाशी तोंडं करून सायत्राकडे पाहू लागले. परी पोट धरून हसली. पहिलं मागणं असं डासांवारी गेलं.

सायत्रानं आता ओठ घट्ट मिटले. काठावर येऊन ती नीट उभी राहिली, सावली मागे पडेल अशी. मग मनाशी शब्द जुळवून ती म्हणाली, "मायसाठी एक मरळ दे." आणि तिनं शेवाळाच्या कडेला गळ टाकला.

देठ पाण्याला टेकतो न टेकतो तोच पाणी फुटलं. काठी धनुकलीसारखी वाकली. सायत्रानं पाय रोवले, दोरा कधी सैल सोडला, कधी ताणला, आणि शेवटी हातभर लांबीची काळीभोर, सोनेरी पोटाची मरळ काठाच्या उथळ पाण्यात आणली. किती आनंद झाला तिला! तिला रश्श्याचा वास येऊ लागला, भाकरी कुस्करून खाणारी माय दिसू लागली.

तेवढ्यात पायाशी पाणी खदखदलं. चिमूटभर केशरी रंग पाण्यावर आला, पसरला, पुन्हा गोळा झाला. ती पिलं होती. तांदळाच्या दाण्याएवढी, केशरी, असंख्य पिलं, आणि ती सगळी आपली माय कुठे गेली म्हणून काठाशी घुटमळत होती.

सायत्रानं इकडेतिकडे पाहिलं. म्हशींच्या खुरांनी तुडवलेल्या चिखलात कडुनिंबाची डहाळी आडवी पडली होती. डहाळी होती. तिला दिसली नव्हती, एवढंच.

काठावर एक मरळ होती आणि झोपडीत एक माय होती. हिला नेलं तर ती वाचेल, असं बुवा म्हणाले होते. हिला सोडलं तर पुन्हा मागता येणार नव्हतं. सायत्रा रडू लागली. रडता रडताच तिनं हात ओले केले, मरळीच्या ओठातला गळ हळूच काढला आणि तिला पाण्यात सोडलं.

"जा वं माय," ती मनातल्या मनात म्हणाली.

मरळ थकली होती, तिला लगेच पोहता येईना. ओढाताणीत पिलं विखुरली होती. पळसाच्या शेंड्यावरून निळा खंड्या आणि पलीकडच्या काठावरून बगळा, दोघेही ही मेजवानी टक लावून पाहत होते. परीनं कमळातून सांगितलं, की एक मागणं उरलं आहे, मरळ नाही तरी एखादी मोठी रोहू येईल, विचार कर. खंड्यानं पंख मिटून सूर मारला. सायत्राला विचार करायला वेळच नव्हता.

"पिलायले त्यायच्या मायजवळ ने," ती म्हणाली.

केशरी ठिपके चहूबाजूंनी सरसर धावले आणि मरळीच्या पोटाखाली शिरले. मरळीनं शेपटी हलवली आणि सगळा लवाजमा घेऊन ती शेवाळात दिसेनाशी झाली. खंड्या रिकाम्या चोचीनं वर आला. सायत्रानं डहाळी उचलली, धुतली आणि चिखलात पुन्हा खोल रोवली. मागे वळून पाहिलं, तर पानावरचं दव वाळलं होतं आणि कमळ रिकामं होतं.

दिवसभर ती साध्या गळानं, साध्या गांडुळानं बसून राहिली. कोणतीच मरळ आली नाही. बोटभर मासोळ्या तेवढ्या मिळाल्या, त्या तिनं पानात बांधल्या. दिवे लागायची वेळ झाली, म्हणजे तापाची वेळ झाली. सायत्रा धावतच घरी निघाली.

दारापाशी येताच ती थबकली. तिच्या झोपडीच्या चौकटीला कडुनिंबाची ओली हिरवीगार डहाळी लटकत होती आणि अंगठ्याएवढी परी पंख फडफडवत, चांदीच्या केसानं तिला गाठ मारत होती. गाठ काही मायच्या गाठीइतकी सुबक नव्हती, पण घट्ट होती.

"तापावर माझं काही चालत नाही," परी म्हणाली. "पण डहाळीवर तापाचं काही चालत नाही. तू आमच्या लेकुरवाळीच्या दारात डहाळी लावलीस, तर तुझ्या लेकुरवाळीच्या दारात कोणी लावायची?"

एवढं बोलून तिनं पंख पसरले. आधी ते गुलाबी झाले, मग सोनेरी, मग लख्ख पांढरे. पानापानावर उजेडाचे थेंब चमकले, अंगण क्षणभर दिवसासारखं उजळलं, आणि परी त्या उजेडात विरघळून गेली. हवेत कमळाचा वास तेवढा उरला.

त्या संध्याकाळी ताप आला नाही. आला असेल तर दारातूनच परत गेला असेल. मायचं कपाळ गार होतं आणि तिला चक्क भूक लागली होती. सायत्रानं मासोळ्यांचं कालवण केलं. त्यात मीठ जरा जास्त पडलं होतं, तरी माय बोटं चाटत जेवली आणि उशाची सुई हातात घेऊन तिनं जाळ्याची एक गाठ मारली. गाठ सुटली नाही. सायत्रा मायच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली आणि मग पोटभर हसली.

सकाळी वैदूबुवा आले. नाडी पाहून खूश झाले आणि हा सगळा मरळीचा गुण, असं त्यांनी गोठ्यातल्या गायीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मायलेकी एकमेकींकडे पाहून हसल्या. तसं बुवांचं फारसं चुकलंही नव्हतं.

निघताना त्यांच्या डोक्याला डहाळी लागली. त्यांनी वर पाहिलं आणि जन्माच्या सवयीनं त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"घरात बाळंतीण आहे का गं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही बुवा," सायत्रा म्हणाली, "लेकुरवाळी हाय."

बुवांनी जाळं विणत बसलेल्या मायकडे पाहिलं आणि मग सायत्राकडे. त्यांनी वहाणा पायांतून काढून हातात घेतल्या आणि मांजरीच्या पावलांनी अंगण ओलांडून गेले.

बोडी भरली, पिलं वाढली, आणि आपली गोष्ट काठाला लागली.