बाहुलीचे दोरे

"रडणं खरं असेल, तर ते दाखवण्यात काय वाईट आहे, आबा?"

मनवाने हा प्रश्न रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर घोळवला होता. तोंडातून बाहेर पडला तेव्हा मात्र तो तिचा तिलाच वकिली वाटला.

सोनूआबा ओसरीवर बाहुल्यांची पेटी उघडून बसले होते. कळसूत्री बाहुल्या नाचवायला ती त्यांच्याकडेच शिकली. मग नोकरी सोडून दोन मैत्रिणींबरोबर तिने मुलांसाठी बाहुल्यांच्या गोष्टींचं चॅनल काढलं. कुणाचं मिंधेपण नको, आपला खेळ आपण दाखवू, असं तेव्हा ती ठणकावून सांगायची. आता मैत्रिणी थकून निघून गेल्या होत्या, आणि महिनाभर खपून केलेली गोष्ट शे-दीडशे लोकांच्या पलीकडे सरकत नव्हती.

चालला तो एकच व्हिडिओ. लेकीला, निहूला, लस टोचताना सहज काढलेला. निहू हुंदके देत हातातल्या बाहुलीला म्हणाली होती, "तू नको बघू." लाखभर माणसं हळहळली. निहूला आणखी दाखवा, म्हणाली.

मनवाने दाखवलं. पडलेला दात, शाळेचा पहिला दिवस, मेलेलं मांजराचं पिल्लू. व्हिडिओ काढताना मध्येच उजेड गेला, तर "परत एकदा हं, राणी."

हे शेवटचं तेवढं तिने आबांना सांगितलं नाही.

आबांनी एक बाहुली मांडीवर घेतली आणि तिच्या मनगटाची गाठ सोडू लागले.

"खेळ संपला की दोरे का सोडतात गो?"

"गुंता होऊ नये म्हणून." पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं तिने पटकन सांगितलं.

"ते झालं पेटीपुरतं." दुसरी गाठ सुटली. बाहुलीचा हात लुळा पडला. "बाहुलीला नुसतं पडून राहता यावं म्हणून."

...

"निहूचे कधी सोडतेस?" आबांनी विचारलं.

मनवाचा चेहरा उतरला. मग तिने मान ताठ केली. "ती बाहुली नाही, आबा. तिचं सगळं मनापासून असतं. फोन खाली ठेवला की ती विसरूनसुद्धा जाते."

आबांनी बाहुली पेटीत ठेवली, आणि झाकण उघडंच राहू दिलं.

...

अंगणात कोंबडीमागे धावणारी निहू जांभ्याच्या पायरीवर आपटली. किंकाळीच फुटली.

मनवा होती तशी धावली. अर्ध्या अंगणात तिच्या लक्षात आलं, फोन ओसरीवरच राहिलाय. तशातही तिला स्वतःचं थोडं कौतुक वाटलं. आबांनी पाहिलं असेल, असंही वाटून गेलं.

गुडघा चांगलाच फुटला होता. रक्ताचा ओघळ पावलापर्यंत आला होता. मनवाने पदराचं टोक पुढे केलं.

निहूने तिचा हात धरला. आईच्या एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. आणि ओठ घट्ट मिटून रडणं गिळलं.

"पुसू नको," ती दबक्या आवाजात म्हणाली. "फोन घेऊन ये, आई. मग मी परत रडते."