हळद कुणाला बघून लाजली?

खाडीकाठी, बर्फाच्या कारखान्याला खेटून चांगुणा कोळीण, तिचा नवरा आणि तान्हं पोर राहायचे. कारखान्याच्या टाकीतून अमोनिया वायू सुटला की पोर खोकून खोकून निळं पडायचं. कारखान्याचा साहेब म्हणायचा, "अगं, चिमूटभर सुटतो. आमच्या भिंतीबाहेर जातच नाही!"

या वायूनं ओली हळद लाल होते, हे चांगुणानं नणंदेच्या लग्नाच्या हळदीत पाहिलेलं. तिनं भिंतीपासून देवळापर्यंत हळदीच्या ओल्या चिंध्या टांगल्या. वायू सुटला तशी साहेबाला घेऊनच आली. सातव्या घरापर्यंत चिंध्या लालेलाल!

"काय ओ साहेब, वायू भिंतीआडच होता ना? मग आमची हळद कुणाला बघून लाजली?"

कोळीवाडा खो खो हसला. साहेबाचं तोंड चिंध्यांहून लाल झालं.

नवी टाकी आली, पोराचा खोकला पळाला, आणि कारखान्याभोवती चिंध्या टांगायची पगारी नोकरी चांगुणालाच मिळाली.